गावात दोन तट पडलेत? चतुर्थीला गावी जायच्या आधी एवढं करा

ज्यांचं राशनकार्ड ठाण्यात आणि जीव कोकणातल्या गावात, अशा सगळ्यांसाठी हे लिहितोय. आणि गावातच राहून सगळ्यांची तोंडं रोज बघणाऱ्यांसाठी तर जास्तच. चतुर्थीला गणपतीवरची माटवी (फळापानांची सजावट) बांधून होते, पहिली आरती होते, पडवीत चहा येतो आणि कोणीतरी रिफायनरीचा नाहीतर पक्षाचा विषय काढतो, की पुढचे पाच दिवस दोन चुलतभाऊ एकमेकांकडे बघत नाहीत. यावर काय करता येतं ते सांगतो. सगळं माझंच डोकं नाही, काही ठिकाणी जगात लोकांनी काय करून बघितलं तेही घेतलंय.

आधी एक गैरसमज काढून टाका. भांडण पक्षामुळे आहे असं सगळे म्हणतात. जून २०२२ ला शिवसेना फुटली, जुलै २०२३ ला राष्ट्रवादी फुटली, आणि कोकणात एका घरात दोन झेंडे झाले हे खरंय. पण नीट आठवून बघा, ज्या घरात झेंड्यावरून बोलणं बंद झालं त्या घरात आधीपासून काहीतरी खदखदत होतं. जमीन द्यायची की नाही, बहिणीचं नाव सातबाऱ्यावर ठेवायचं की तिच्याकडून हक्कसोड, म्हणजे हिस्सा सोडल्याचा कागद, घ्यायचं, पोरीने जातीबाहेर लग्न केलं तर तिला गौरीच्या ओवशाला बोलवायचं की नाही. पक्ष नंतर आला, त्याने फक्त प्रत्येकाला बसायला जागा दिली.

म्हणून पहिलं काम, भांडण नेमकं कशाचं आहे ते शोधा. जुन्या कॅलेंडरच्या मागे पेनाने लिहा, मनात ठेवू नका. पोटाचं भांडण आहे, मानाचं आहे, की कसं जगावं याबद्दलचं आहे? तिन्हींना औषध वेगळं लागतं आणि आपण काय करतो, तिन्हींवर एकच औषध, म्हणजे ओरडणं.

पोटाचं भांडण म्हणजे पर्ससीनवाले, म्हणजे मोठ्या बोटीतून जाळ्याने अख्खा थवा घेरणारे, आणि किनाऱ्यावरून जाळं ओढणारे पारंपरिक रापणवाले. मालवण, रत्नागिरी, कुठेही जा, तेच. सरकारने फेब्रुवारी २०१६ मध्ये पर्ससीनवर निर्बंध आणले, नोव्हेंबर २०१७ मध्ये केंद्राने एलईडी लाईट लावून मासेमारीवर बंदी घातली, तरी भांडण चालू, कारण भांडण अंमलबजावणीचं आहे. पण हे भांडण कितीही कडक झालं तरी त्यात मोजता येण्यासारख्या गोष्टी आहेत: किती वाव खोल पाण्यात, किनाऱ्यापासून किती लांब, कोणत्या महिन्यात, किती बोटी. मोजता येतं तिथे सौदा होतो. अशा ठिकाणी संस्कृती, भूमिपुत्र, अस्मिता असले शब्द कोणी आणले की त्याला प्रेमाने खाली बसवा आणि आकडे मागा.

मानाचं भांडण ओळखणं सोपं. शिमग्याला पालखी आधी कोणाच्या अंगणात, पहिला नारळ कोणाचा, बारा-पाचाच्या मानकऱ्यांत, म्हणजे देवळाचा कारभार बघणाऱ्या मानाच्या घरांत, कोण बसणार. शहरातली पोरं याला हसतात, अरे नारळावरून काय भांडता म्हणून. हसू नका. नारळ ही गोष्टच नाहीये तिथे, एखाद्या वाडीला पिढ्यानपिढ्या बाहेर उभं केलं आणि आता त्यांचा पोरगा इंजिनियर होऊन, गाडी घेऊन गावी येतो, तरी देवळात त्याची जागा तीच, हा विषय आहे. इथे आकडे काढून उपयोग नाही, इथे जाहीरपणे, सगळ्यांसमोर, माईकवर मान द्यावा लागतो. खासगीत सॉरी म्हटलेलं चालत नाही कारण अपमान चारचौघांत झालेला असतो.

तिसरं सगळ्यात अवघड आणि त्यावरच जास्त लिहितो. रिफायनरीचंच घ्या. राजापूर तालुक्यात नाणारला आधी ठरली, देवगडातली गिर्ये, रामेश्वर पण त्यात होती, आंदोलनं झाली, २०१९ ला रद्द केली. मग जागा बदलून बारसू-सोलगाव. एप्रिल २०२३ ला माती परीक्षणाला लोक आले, पोलीस आले, बायका उन्हात सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, आडव्या पडल्या. आता हे पोटाचं भांडण का? आहे. मानाचं? तेही आहे, आम्हाला न विचारता नकाशावर रेघा मारल्या. पण खाली तिसरी गोष्ट पण आहे, तो सडा म्हणजे नक्की काय आहे. सरकारी कागदावर तो पडीक कातळ. एकाला तिथे गुरं चरताना दिसतात आणि खालच्या विहिरींचं पाणी दिसतं. एकाला तिथली कातळशिल्पं दिसतात जी २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. आणि चौथ्याला दिसतो आपला बारावी झालेला मुलगा जो नालासोपाऱ्याला दहा बाय दहाच्या खोलीत चौघांबरोबर राहतो. त्यात ज्यांनी दाभोळ बघितलंय, १९९२ चा एन्रॉन कंपनीबरोबरचा सामंजस्य करार आणि २००१ ला बंद पडलेला वीज प्रकल्प, त्यांना प्रकल्प हा शब्द ऐकला तरी अंगावर काटा येतो, आणि जैतापूरच्या ९,९०० मेगावॅटच्या अणुप्रकल्पाची गोष्ट अजून डोक्यावर आहेच. मी स्वतः विरोधाच्या बाजूचा आहे, लपवत नाही. पण चौथ्या माणसाला विकला गेलेला म्हणणं मला पटत नाही. "पोरगो थंय खोलीत कुजतलो तेचा काय?" या प्रश्नाला आमच्या बाजूकडे अजून धड उत्तर नाही.

तर अशा भांडणात काय करायचं? एक प्रश्न विचारायचा, फक्त एक. "काका, तुम्ही सोळा-सतरा वर्षांचे होता तेव्हा घरात कसली ददात होती?"

हा प्रश्न मी हवेतून काढला नाही. रोनाल्ड इंगलहार्ट नावाचा अमेरिकन अभ्यासक १९७० च्या दशकापासून हेच मांडत होता की माणसाची मूल्यं साधारण तरुणपणी ज्या परिस्थितीत गेलो त्यावरून घट्ट होतात, ज्यांनी टंचाई बघितली ते आयुष्यभर पैसा, सुरक्षा, सुव्यवस्था याला धरून राहतात, आणि जे पोटभर खाऊन वाढले ते पर्यावरण, स्वातंत्र्य, स्वतःच्या मनासारखं जगणं याकडे वळतात. म्हणजे समाज बदलतो तो लोकांची मतं बदलून कमी आणि पिढी बदलून जास्त. १९८१ पासून जगभर जी मूल्यांची सर्वेक्षणं होतात त्यात त्याचा मोठा हात होता. जर्मनीत ग्रीन पक्ष १९८३ ला संसदेत पोचला तो अशाच पोटभर वाढलेल्या पिढीच्या जोरावर, असं त्या बाजूचे लोक सांगतात.

पण थांबा, हे कोकणात जसंच्या तसं लावाल तर फसाल. इंगलहार्टच्या हिशोबाने म्हातारे प्रकल्पाच्या बाजूने आणि तरुण विरोधात पाहिजेत ना? आमच्याकडे बऱ्याच घरात उलटं. आजी म्हणते, "जमीन गेली तर मगे आमी खंय जातलव?" आणि नातू म्हणतो येऊ दे कंपनी. कारण आजीच्या तरुणपणी टंचाई होती भाताची आणि मनीऑर्डरची. मुंबईहून पैसे नाही आले तर शेतातला दाणाच उपयोगाला यायचा, तिच्यासाठी सुरक्षा म्हणजे जमीनच. नातवाने भाताची टंचाई बघितलीच नाही, त्याने बघितलीय नोकरीची. दोघंही टंचाईतूनच बोलतायत, फक्त टंचाई वेगळी. म्हणून वयावरून कोणाचं मत ठरवू नका, विचारा. आणि उत्तर आलं की लगेच वाद घालू नका, त्या रात्री तरी नको. कोकण रेल्वे १९९८ ला पूर्ण सुरू झाली, त्याच्या आधी गावातून बाहेर पडलेला माणूस आणि नंतर बाहेर पडलेला माणूस यांचं गावाबद्दलचं चित्रच वेगळं असतं, हे ऐकल्याशिवाय कळत नाही.

आता दुसऱ्या टोकाला काय होतं ते सांगतो, म्हणजे आपण कुठे चाललोय ते कळेल. अमेरिकेत १९६० मध्ये विचारलं होतं, तुमच्या मुलाने किंवा मुलीने दुसऱ्या पक्षाच्या घरात लग्न केलं तर वाईट वाटेल का, तेव्हा दोन्ही पक्षांत मिळून पाचेक टक्के लोक हो म्हणाले. २०१० मध्ये तोच प्रकार विचारला तर रिपब्लिकनांतले जवळपास निम्मे आणि डेमोक्रॅटांतले एक तृतीयांश हो म्हणाले. आपण सोयरिकीला जात बघतो, ते पक्ष बघायला लागले. आपल्याकडे जात आहेच, तिच्यावर आणखी पक्षाची रांग लावायची हौस कोणाला असेल तर त्याने हे आकडे वाचावेत. सुरुवात कुठून होते माहितीये? हळदीचं आमंत्रण एका घरी "राहून गेलं", कारण त्यांनी स्टेटसला भलत्या साहेबांचा फोटो ठेवला होता.

म्हणून वाडीच्या बैठकीत एक गोष्ट आधीच ठरवून घ्या, चतुर्थीच्या महिनाभर आधी, भांडण पेटायच्या आधी. भजनाची घरं बदलायची नाहीत. आरतीला वाडीतलं प्रत्येक घर घ्यायचं, ज्या क्रमाने घेत आलो त्याच क्रमाने. तिरडीला खांदा आणि लग्नाला हातभार यात पक्ष आणायचा नाही. हे बोलायला फार साधं वाटतं पण ठरवून, सगळ्यांच्या तोंडून हो वदवून घेतलं नाही तर पहिल्या रागात हेच तुटतं. आणि जमलं तर पहिल्या रात्रीचं भजन मुद्दाम ज्याच्याशी जास्त वाजलंय त्याच्या खळ्यात घ्या. उसळ-पाव खाताना माणूस गजर सोडून राजकारण बोलत नाही, बोललाच तर बुवा पेटीवर सूर वाढवतो.

व्हॉट्सॲप ग्रुप. याच्यावर फार लिहीत नाही, सगळ्यांना माहितीये. फक्त एक करा. ग्रुपवर गावच्या विषयावर जे बोलतात त्यांची नावं बघा आणि त्यातले बाराही महिने गावात राहणारे किती ते बघा. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या आधीच्या दहा वर्षांपेक्षा कमी झाली होती, आणि रत्नागिरीत हजार पुरुषांमागे ११२२ बायका होत्या. म्हणजे गाव चालवतात बायका आणि म्हातारी माणसं, आणि ग्रुपवर गाव वाचवतात आपण, लोकलमध्ये उभं राहून. म्हणून कुठल्याही विषयावर पोल टाकायच्या आधी गावात राहणाऱ्यांचं मत आधी, आवाजात, व्हॉइस मेसेज का होईना पण आधी घ्या. टाईप करायला जमत नाही म्हणून मत नाही असं होत नाही.

आता ग्रामसभा. हा भाग नीट वाचा कारण इथेच खरी माती होते. गणपूर्ती लागते एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, जे कमी असेल ते. मतदार म्हणजे त्या ग्रामपंचायतीच्या यादीत नाव असलेला. तुमचं नाव भांडुपच्या यादीत असेल तर तुम्ही गावात कितीही मोठ्याने बोला, हात वर केलेला मोजत नाहीत, म्हणून भाषण करायच्या आधी यादी बघा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, गणपूर्ती नाही म्हणून सभा तहकूब झाली की त्यानंतरच्या तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. म्हणजे रागाने "आम्ही बहिष्कार टाकतो" म्हणून उठून गेलात तर पुढच्या वेळी पंधरा-वीस माणसं बसून तोच ठराव आरामात पास करतात, आणि मग वर्षभर तुम्ही म्हणत फिरता की फसवलं. उठून जाऊ नका. बसा, बोला, विरोध नोंदवून घ्या, इतिवृत्तात आपलं नाव लिहिलंय का ते बघा.

नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची, हे कायद्यातच आहे. प्रत्यक्षात काय होतं, वहीवर सह्या घेऊन शिपाई घरोघर फिरतो. ही सभा खरी भरवा, बाकी काही जमलं नाही तरी हे करा. वेळ अशी धरा की लावणीचे दिवस नकोत, दुपारी काजूच्या कारखान्यातली पाळी सुटल्यावर ठेवा, देवळाच्या सभामंडपात नको कारण तिथे सगळ्याच जणी मोकळेपणी येऊ शकतील असं नाही, शाळेत घ्या. पुरुषांनी बाहेर थांबा, दारातही नको. दारू, पाणी, जमीन यावर तिथे जे बोललं जातं ते मुख्य सभेत कधीच ऐकायला मिळत नाही.

आणि जिथे प्रश्न मूल्यांचा आहे, सौदा होत नाही, तिथे एक आयडिया आयर्लंडची. कट्टर कॅथलिक देश, गर्भपाताचा विषय, बोलायचीही सोय नव्हती. त्यांनी २०१६ मध्ये ९९ साधे नागरिक चिठ्ठ्या काढल्यासारखे यादृच्छिक पद्धतीने निवडले, वर एक अध्यक्ष, त्यांनी महिनोन्महिने दोन्ही बाजूंचं ऐकलं, डॉक्टर ऐकले, वकील ऐकले, मग शिफारस केली, आणि मे २०१८ च्या सार्वमतात ६६.४ टक्के लोकांनी बदलाच्या बाजूने मत दिलं. पुढाऱ्यांना जे तीस वर्षं जमलं नाही ते जमलं. गावात हे करायला काही लागत नाही. मतदारयादीतून पंधरा नावं चिठ्ठीने काढा, निम्म्या बायका, प्रत्येक वाडीतली माणसं, बौद्धवाडी, कोळीवाडा, मुसलमान मोहल्ला सगळे, पक्षाचं पद असलेला एकही नको. दोन्ही बाजूंना एकेक दिवस द्या. हे लोक ठराव करत नाहीत, फक्त आपलं म्हणणं ग्रामसभेसमोर वाचून दाखवतात. आपल्याकडे देवाला कौल लावायची सवय आहेच, चिठ्ठी काढायची म्हटलं तर कोणी नाही म्हणणार नाही, मानकरीसुद्धा नाही.

एक सावधगिरी मात्र. गाव एक राहिलं पाहिजे हे वाक्य कोण बोलतंय ते दर वेळी बघा. आपल्याच कोकणपट्टीत महाडला २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरची माणसं चवदार तळ्याचं पाणी प्यायली तेव्हा नगरपालिकेने तळं खुलं करायचा ठराव आधीच केलेला होता, कागदावर सगळं होतं, तरी पाणी पिणाऱ्यांना मारहाण झाली. अलिबागजवळ चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ पासून सहाएक वर्षं खोतांची, म्हणजे सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांची, शेती पिकवली नाही, तेव्हाही गावात फूट पाडतायत असंच म्हणत असणार. खोती कायद्याने गेली ती १९४९ मध्ये. म्हणजे काही भांडणं मिटवायची नसतात, ती व्हावी लागतात. तुम्ही मध्यस्थ म्हणून बसलात आणि तुम्हाला दिसलं की एक बाजू फक्त बरोबरीने वागवा म्हणतेय आणि दुसरी बाजू आधीसारखं चालू द्या म्हणतेय, तर मधोमध बसू नका. तिथे मधोमध म्हणजे आधीसारखंच.

आणि "वाळीत टाका" हा शब्द आला की बैठक तिथेच थांबवा. गावकीला वाटतं हा आपला जुना अधिकार. २०१६ चा सामाजिक बहिष्कार विरोधी कायदा जुलै २०१७ पासून महाराष्ट्रात लागू आहे, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. कायदा आला तो रायगड-रत्नागिरीतल्या अशा प्रकरणांवरून ओरड झाली म्हणूनही, हे लाजेने का होईना पण गावकीला सांगा. मयताला जाऊ नका, विहिरीवर येऊ देऊ नका, दुकानात माल देऊ नका, हे सगळं त्यात बसतं. गंमतीत म्हटलं हे पोलीस ऐकत नाहीत.

घरातलं भांडण राहिलंच. बहिणीच्या हिश्शाचा विषय चतुर्थीला काढू नका, पाहुणे असतात, मेहुणे असतात, कोणीतरी प्यायलेलं असतं. पण काढूच नका असं म्हणत नाहीये. महाराष्ट्रात मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलासारखा हक्क १९९४ च्या दुरुस्तीने दिला, देशभर २००५ ला, आणि ऑगस्ट २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की वडील २००५ ला हयात होते की नव्हते याने फरक पडत नाही. हे भावांना आधी, बहिणीला बोलवायच्या आधी, वकिलाकडून समजावून घ्या, कारण "ओटी भरली, साडी दिली, आता काय" हे वाक्य एकदा तोंडातून गेलं की मिटवणं फार महाग पडतं. हक्कसोडीवर सही मागायची असेल तर तिला कागद चार दिवस आधी वाचायला द्या, तालुक्याला सब-रजिस्ट्रारच्या दारात नाही.

विधवा वहिनीला हळदीकुंकवाला बोलवायचंय, घरात दोन मतं आहेत. कोल्हापूरकडच्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला, त्याच महिन्यात सरकारने बाकीच्या ग्रामपंचायतींना तसं करा म्हणून परिपत्रक काढलं, त्यामुळे पाठबळ आहे. पण आधी तिला विचारा. आपण पुरोगामी दिसावं म्हणून तिला सगळ्यांसमोर पाटावर बसवायचं आणि सासूचे टोमणे नंतर तिने एकटीने ऐकायचे, हे नको. ती हो म्हणाली तर घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या सवाष्णीला पटवा, कुंकू तिच्या हातून लावा, बाकीच्या आपोआप गप्प बसतात.

शेवटचं, कागद. ग्रामसभा झाली की ठरावाची नक्कल ग्रामसेवकाकडे लेखी अर्ज देऊन मागा, पदाचं नाव आता ग्रामपंचायत अधिकारी केलंय पण गावात भाऊसाहेबच म्हणतात. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या, तारीख आणि शिक्का. नक्कल मिळाली की दोन्ही बाजूंचा एकेक माणूस बसवून ती मोठ्याने वाचा, सभेत बोललो एक आणि लिहिलं भलतंच असं असेल तर तिथल्या तिथे कळतं. मग ती बोर्डावर लावा, आणि मुंबईच्या ग्रुपवर त्यानंतर.